मुंडीचे कान

कापडे, तालुका पोलादपूर
४ जानेवारी १९५९, आयतवार

दादा,

पयली माफी मागते. माझं लिवणं चुकतं. तिसरीतनं शाळा सुटली तेव्हापासनं हातात इळा आला तो आला, टाक धरायची सवय गेली. एक ओळ लिवायला इतका येळ लागतो की चुलीवरचा भात खाली लागतो, असं आये बोलते. आजचा पण लागला. काना मात्रा चुकला तर समजून घे. समजलं नाय तर परत परत वाच, पण मुंबयच्या खोलीतल्या पोरांना वाचायला देऊ नको. त्यांनी हसलेलं मला हितं कळतं.

वर तीर्थरूप लिवलं नाय. ते चुकून नाय, मुद्दाम.

पौषी पुनव झाली की पुढल्या मंगळवारी सोमजाईला बोकड द्यायची राखण ठरली. म्हंजे सत्तावीस तारीख. काल रावजी आजाच्या पडवीत बैठक बसली. बायकांना बोलवत नायत, पण मी त्यांच्याकडं वाल सोलायला गेलेली, ती कुडाच्या आड बसून समदं ऐकलं. मी असली काय नसली काय, कोणाला कळत नाय. ह्या एका गोष्टीचा मला फायदा हाय.

बोकड हैबतीच्या घरचा ठरला. काळा हाय, कपाळावर पांढरा ठिपका. ढोल भिकूकडं. मग रावजी आजानं इचारलंन, "मुंडी कोण भाजणार?"

समदे नुसते खाकरले. मग आपला येसाजी काका बोलला, "महिपतीचं घर दोन राखणी इस्तवाजवळ उभं नाय. तिसऱ्या राखणीला मान दुसऱ्या घरी जातो. ही रीत मी काढली नाय. मी त्याचा सख्खा भाव हाय, मी भाजीन. मान घरातल्या घरात राहील."

घरातल्या घरात! बा मेला तवा काकानं मधल्या भिंतीला दुसरं दार पाडून घेतलंन, आणि आता बोलतो घरातल्या घरात.

दादा, तुला मुंबयची हवा लागून इसर पडला असंल म्हणून सांगते. बोकड कापायच्या आधी रावजी आजा त्याच्या कानात गावाचं गाऱ्हाणं सांगतो. भात पिकू दे, गुरं जगू दे, मुंबयला गेलेली पोरं नीट ठेव. (तुझं पण त्यात येतं. तू ये नायतर नको येऊ, गाव तुझ्यासाठी सांगतो.) ते गाऱ्हाणं कानात बसतं. मग मुंडी इस्तवावर भाजायची, केस जाळायचे, खरवडायची, परत भाजायची, आणि कान शाबूत ठेवायचे. कान झाकायचे पण नायत, झाकले तर देवी कशी ऐकेल? कान जळला तर गाऱ्हाणं जळलं. म्हणून बा तोंडात पाणी धरून भाजायचा. तोंड फुगलेलं, आणि मधी मधी कानावर फुर्र करायचा. बाच्या हातनं कधी कान जळला नाय.

तुझ्या हातनं पयल्याच वर्साला जळला. आणि तू दुसऱ्या दिवशी पोलादपुराला जाऊन एसटीत बसलास ते आजपातुर.

त्या पावसात गुरांना खुरकत आली, हैबतीचा बैल मेला, तवा लोक काय बोलले ते मी तुला कधी कळवलं नाय. आताबी नाय कळवत. पण आमी हितं ऐकलं ना, मी नि आयेनं. तू तिकडं व्हतास.

मुंडी देवीफुडं ठेवताना रावजी आजा मोठ्यानं पुकारतो, "महिपतीच्या घरची मुंडी!" वर्सातनं तेवढा एकदा बाचं नाव कोणीतरी मोठ्यानं घेतं. काकाकडं मान गेला की "येसाजीच्या घरची" बोलतील. मग बाचं नाव कोण घेईल? आये तर नवऱ्याचं नाव घेत नाय. मी घेतलं तर कोण ऐकतो.

तू यायचं. रजा मिळत नाय बोलू नको. तुझी घोंगडी उन्हात घातली, ती कसर लागली म्हणून. तू येशील म्हणून नाय.

मैना


कापडे
१३ जानेवारी

दादा,

तुझं कारड मिळालं. मला मिळायच्या आधी अख्ख्या गावाला मिळालं. सयाजी पोस्टमननं पारावर बसून मोठ्यानं वाचलंन, मग मला आणून दिलंन आणि वर बोलतो, "मैने, तुझा भाव मोठा आचारी झाला गो." मी मान खाली घालून कारड घेतलं. घरात येऊन मग मडक्याला दोन शिव्या दिल्या.

तू लिवलंस, क्लबाच्या बागेत मेजवान्या असतात, तू लोखंडी जाळीवर मटन भाजतोस, आधी रातभर दह्यात नि आल्यात मुरवून ठेवतोस, नि साहेब लोक आणि त्यांच्या बाया हातात बशी घेऊन उभ्यानं खातात.

उभ्यानं? आपली गुरंबी बसून रवंथ करतात.

आणि त्याच्या खाली लिवलंस, "काय ठेवलंय त्या जळक्या मुंडीत. काकाला देऊन टाका आणि मोकळे व्हा."

दादा, मला इतका राग आला की मी ते कारड चुलीत घालणार व्हते. घातलं नाय, कारण मागल्या बाजूला तू आयेच्या खोकल्याचं औषध लिवलंयस. देऊन टाका! ती काय तुझी हाय द्यायला? तू ठेवलीस काय? परक्याच्या बागेत, परक्या इस्तवावर भाजायला तुझे हात चालतात. तिथं पगार हाय, डोक्याला पांढरी टोपी हाय, ती तूच लिवलीस. आणि देवीच्या इस्तवाजवळ वर्साला एक दिवस उभं राहायला तुझे पाय मोडतात.

आणि आता खरी गोष्ट लिवतोस? तीन वर्सांनी? कारडावर, सयाजी वाचणार ठावं असून?

तू लिवलंस, तू मुंडी भाजत व्हतास, तोंडात पाणी व्हतं, आणि येसाजी काका मागनं येऊन कानात बोलला, "मुरारी, रावजी आजाचं धोतर बघ, बोकडानं खाल्लंन." आणि तू बघितलंस आणि खरंच खाल्लेलं व्हतं, मागनं टीचभर. नि रावजी आजा तसाच हात जोडून देवीफुडं उभा. मग तुझ्या तोंडातलं समदं पाणी इस्तवावर गेलं, धूर झाला, नि धूर जाईतोवर कान गेला.

आयेशपत, वाचताना मलाबी हसू आलं. पण माझ्या तोंडात पाणी नव्हतं आणि हातात मुंडी नव्हती.

मग तू बोललास का नाय रे तवाच? काकानं मुद्दाम हसवलंन हे सांगायला काय झालेलं? गाव बोलला, महिपतीचा पोरगा आडमुठा, देवीफुडं खिदळतो. तू ऐकून घेतलंस. मी लाजते, मी बोलत नाय, ते समद्यांना ठावं हाय. पण तू तर बोलणारा व्हतास. पारावर तुझंच तोंड चालायचं. नको तिथं बोलायचं आणि पायजे तिथं पळायचं, ही कुठली रीत?

काका आज कारड ऐकून आला. पडवीत उभा राहून आयेला बोलतो, "वयनी, पोरानं लिवलंय ते खोटं हो. मी असं करीन काय?" आये बोलली, "धोतर खाल्लेलं खोटं काय?" काका बोलला, "धोतर खाल्लेलं खरं."  मला ओढ्यावर जायचा बहाणा करून भायेर पळावं लागलं.

हैबतीकडं पावणे आलेले, त्यांनी बकरं पाडलं. आयेनं पाय मागून आणले. मी परसात इस्तव केला नि भाजले. धग एका बाजूला लोटून घेतली, बा घ्यायचा तशी. जांभळीची ओली काठी घेतली. केस जळून वास सुटला, इळ्याच्या पाठीनं खरवडले, हळद मीठ चोळलं, परत धरले. बरे झाले. तुला का सांगते काय ठावं.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाठवत नाय. गोड बोलायची माझी इच्छा नाय.

तू ये. अजून येळ हाय.

मैना


कापडे
२२ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाय. आता मी इचारणार नाय. हे शेवटचं कारड समज, पैसे काय झाडाला लागत नायत.

ओढ्यावरनं हंडा घेऊन येताना मी तोंडात पाणी धरून येते. घरापातुर येतं आता. काल वाटेत शकू आडवी आली. "काय गो मैने, रुसलीस काय? तोंड बघ कसं फुगलंय!" मी मान हलवली. तिनं पोटाला गुदगुल्या केल्या. हंडा हलला, पाणी अंगावर आलं, पण तोंडातलं नाय सांडलं. शकू बोलली, "तू पयल्यापासनंच मुकी, आता येडीबी झालीस."

कशाला करते ते तुला नाय सांगणार. तू इचारलं पण नायस.

मैना


कापडे
२८ जानेवारी, बुधवार

दादा,

हे पाकिटात घालते. सयाजी पाकीट फोडत नाय, नुसतं उजेडाला धरतो. धरू दे.

काल राखण झाली. तू आला नायस. आये सकाळपासनं वाटेकडं बघत व्हती, नि मला बोलत व्हती, मी वाटेकडं बघत नाय, कावळा बघते.

ढोल वाजायला लागला नि येसाजी काका खापर घेऊन दारात आला. तुला ठावं हाय, मुंडीचा इस्तव आपल्याच चुलीतनं जातो. बाचा बाप न्यायचा, बा न्यायचा. मागल्या दोन वर्सांना रावजी आजानं स्वताच्या हातानं नेला आणि स्वताच मुंडी भाजलीन, मान कोणाचाच नको म्हणून. ह्या वर्साला काका आला. नवीन पटका, अंगाला तेलाचा वास.

"मैने, इस्तव दे गो."

मी चुलीम्होरं बसलेली. मी बोलले, "नाय."

त्याला वाटलं ऐकू आलं नाय. माझा आवाज तसाच हाय, उंदरासारखा. परत बोलला, "खापर भर पटकन."

"देत नाय."

"काय?"

"देत नाय बोलले."

काका माझ्याकडं असा बघायला लागला जशी चूलच बोलली. "अगो तुला जीभ हाय? मला वाटलं देवानं दिलीच नाय. वयनी! ह्या पोरीला काय झालं बघा."

आये उंबऱ्यावर वाल सोलत बसलेली. मला वाटलं आता बोलेल, दे गो, भांडण नको. ती तशी बोलते ना कायम. पण ती बोलली, "चूल तिनं पेटवली. तिलाच इचारा." आणि परत वाल.

"दादा येईल तवा देईन," मी बोलले. "नायतर मी घेऊन येईन. इस्तव आमचा, मुंडी आमची."

काका गेला. रागानं खापर चुलीजवळ आदळून गेला, फुटलं नाय नशीब.  मग मी फुकणी उलट्या बाजूनं फुंकली, तोंडात राख गेली. तू असतास तर तुझ्यावर ओरडले असते, तेवढंच बरं वाटलं असतं.

मग समदे आले. रावजी आजा, हैबती, भिकू ढोल गळ्यात तसाच, मागं पोरं. बोकडाला शिवेच्या धोंड्याजवळ बांधून आलेले. भिकू बोलला, "खिशात काडेपेटी हाय की, कशाला बायकांच्या पाया पडता?" रावजी आजा त्याच्यावर खेकसला, "बाजारचा इस्तव देवीला? उद्या बाजारची देवी आणशील!"

मग माझ्याजवळ येऊन बसला म्हातारा. दम लागलेला. "पोरी, बोकड उभा हाय, माणसं उपाशी हायत. तुझं म्हणणं काय?"

मी जमिनीकडं बघून बोलले. वर बघितलं असतं तर जमलं नसतं. "मुरारी नाय तर मी हाय. महिपतीच्या घरात माणूस नाय असं नाय. मी भाजीन."

हसले ना रे समदे. हैबतीनं तर मांडी थोपटलीन. "बाईमाणूस मुंडी भाजणार!"

तवा आये उठली. पदरातले वाल समदे सांडले. "मग रोज चुलीवर काय तुमचा बाप भाजतो?" बोलली. "बांगडे भाजतो, भाकऱ्या भाजतो, पावसात तुमची वली धोतरं भाजतो? हसतायत! हसा, आणि थंडगार मुंडी द्या देवीला."

आये अशी बोललेली मी जलमात ऐकली नव्हती. हैबतीचं हसू तोंडातच राहिलं.

काका बोलला, "त्या दिवशी बाईनं शिवेचा धोंडा ओलांडायचा नाय. ही रीत हाय. रीत मोडायची काय आता?" आणि समद्यांकडं बघितलंन. त्याला वाटलं संपलं.

रावजी आजा हनवटी खाजवत व्हता. मग बोलला, "बाईनं धोंडा ओलांडायचा नाय. खरं. पण मुंडीनं ओलांडायचा नाय असं कुठं हाय?"

 मी खापर भरलं.

बोकड पलीकडं पडला, गाऱ्हाणं पलीकडंच सांगतलंनी, मला नुसता ढोल ऐकू येत व्हता. मी धोंड्याच्या अलीकडं तीन दगड मांडले, लाकडं रचली, आपला इस्तव लावला. आये मागं बसली तांब्या घेऊन. मग भिकूनं मुंडी आणून धोंड्यावरनं माझ्या हातात दिलीन. गरम व्हती अजून. दादा, हातात घेतल्यावर मला रडू आलं. बोकडाचं नाय, बाचं. पण आता तोंडात पाणी घ्यायचं व्हतं म्हणून रडायला जागा नव्हती.

काठीला लावली. धग डावीकडं लोटली. आधी मान, मग गाल, मग नाक वर करून हनवटी. केस चर्र करून जळतात ना, तो वास. इळ्याच्या पाठीनं खरवडलं, पाणी मारलं, परत. कपाळावरचा पांढरा ठिपका जळून गेला नि मुंडी समदी एका रंगाची झाली. कान उभेच. मी फुर्र करायची, परत तांब्यातनं तोंड भरायची, फुर्र करायची. पाणी तोंडात कोमट व्हतं, जिभेला राखेची चव लागते. बानं हे कधी सांगतलं नव्हतं. कसा सांगेल, त्याचं तोंड भरलेलं.

मग काका धोंड्यावर येऊन बसला. पलीकडनं, रीत सांभाळून.

"मैने, तुला बघायला नाते गावावरनं पावणे येणार हायत. नवरा बरा हाय, पण टकला. डोक्यावर पापड वाळत घालता येतील."

पोरं हसली. मी नाय.

"दिसतो पण बरा. एक डोळा पोलादपुराला नि एक महाडाला."

मी काठी फिरवली. दादा, तू हितं फसलास. तुला कोण बोललं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाय, म्हणून हसलास. मला सोळा वर्सं लोक बोलतायत नि मी गप हाय. गप बसायला मला कोणी शिकवायला नको.

मग तो दुसरं बोलायला लागला. "मुरारी काय क्लबात भाजत नाय, साहेबांच्या खरकट्या बश्या घासतो. पोस्टमन बोलला. बहिणीला थापा मारतो. आणि बा पण तसाच थापाड्या व्हता तुझा, मुंडी कधी कधी मी भाजून दिली नि नाव त्याचं झालं."

बाचं बोलला ना रे. हसू आलं तर तोंड सैल व्हतं, पण राग आला तर आणखी सैल व्हतं हे मला काल कळलं. माझे गाल थरथरले. आये मागनं बोलली, "मैने, कान!" मी बघितलं, डाव्या कानाचं टोक काळं व्हायला लागलेलं. मी समदं पाणी मारलं. फुर्रकन. ते मी कानावरच मारलं, पण मनात काकाच्या तोंडावर मारलं.

टोक राहिलं. तपकिरी झालं, पण राहिलं. दुसरा कान तर असा की बोकडानं अजून हलवला असता.

हळद मीठ चोळलं. शेवटचं तोंड भरलं ते मी फुंकलं नाय, गिळलं. मग कोणी घ्यायला यायच्या आधी मुंडी जवळ घेतली, राख झटकायचं निमित्त करून, आणि उजव्या कानात बोलले. लांबचं काय नाय. "महिपतीच्या मैनानं भाजली." इतकंच. रावजी आजाचं गाऱ्हाणं त्यात आधीच बसलेलं व्हतं, माझं कडेला मावलं असंल.

रावजी आजानं दोन्ही कान अंगठ्यानं चाचपले. वाकवून बघितलंन. काका पण वाकून बघत व्हता. म्हातारा नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. मला वाटलं झालं आता.

आणि मग पलीकडनं पुकार आला. मी ऐकलं, आयेनं ऐकलं, समद्या डोंगरानं ऐकलं.

"महिपतीच्या घरची मुंडी! त्याच्या पोरानं, मुरारीनं भाजली!"

तुझ्या नावानं ढोल वाजला दादा. तुझ्या! तू तिकडं बागेत उभ्यानं खाणाऱ्यांना बश्या देत असशील नायतर घासत असशील, मला फरक पडत नाय. माझे हात बघ, बोटांना फोड आलेत, म्हणूनच आज अक्षर इतकं वाकडं हाय. आये ओरडली, "माझ्या पोरीचं नाव घ्या रे!" पण ढोलात कोण ऐकतो. नंतर तिनं रावजी आजाला धरलंन तर तो बोलला, "आनंदी, देवीच्या पुकाऱ्यात आजपातुर बाईचं नाव आलं नाय. मान राहिला ना घरात? गप बस." घरात राहिला, म्हणे. घराला हात असतात काय? घर तोंडात पाणी धरतं काय?

खरं सांगू, बाचं नाव आलं तवा मला बरं वाटलं. ते मी नाय बोलत नाय. काकाचं तोंड तर करपलेल्या भाकरीसारखं झालेलं. पण एका घासात गोड नि कडू दोन्ही घातलंनी.

आता लोक मुंबयला येतील तवा तुला बोलतील, वा मुरारी, मान राखलास. भिकू पुढल्या महिन्यात येणार हाय, तो तर पयला बोलेल, आणि डोळा मारेल. तवा तू हसून गप बसशील, मला ठावं हाय. पळणं आणि गप बसणं तुला जमतं. मी तुझ्याकडनं ये बोलून मागत व्हते ते आता नाय मागत. येऊ नको. मला पुढल्या वर्साला पण जमेल. फकत जो कोणी बोलेल त्याला सांगायचं, "मी नाय, मैनानं भाजली." मोठ्यानं सांगायचं. खोलीतल्या पोरांना पण. ही चिठ्ठी वाचून दाखव त्यांना, चुकांसकट. काकानं हसवलं तवा बोलला नायस, ते एक राहिलंय तुझं. हे तरी बोल.

मुंडी घरी आली, रीतीप्रमाणं. आयेनं रस्सा केलान. कान मी तुझ्यासाठी वाळवून ठेवणार व्हते, पाकिटात घालून पाठवीन बोलले, तुला कळेल तरी. मग इचार केला, कशाला. उजवा मी खाल्ला. डावा आयेला दिला. कुरकुरीत झालेला. तुझ्या दह्याआल्याची गरज लागली नाय.

आयेचा खोकला कमी हाय. औषधाचं नाव तू लिवलंस ते कंपाउंडरला वाचता आलं नाय, त्यानं दुसरंच दिलंन, पण लागू पडलं.

बस करते. शकू दारात हाका मारतेय. पोलादपुराच्या बाजारात हत्ती आलाय म्हणे, खराखुरा, घाटावरनं आंबेनळी उतरून, कोणी गोसावी घेऊन आलाय. मी कधी बघितला नाय. जातेय.

मैना